दाताळं आणि ताट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या अण्णांच्या छापखान्यात मी एकोणिसाव्या वर्षी प्रूफं वाचायला लागलो. तालुक्याच्या गावचं चार पानी साप्ताहिक. पायाने चालवायचं ट्रेडल, खिळे जुळवणारे दोघे, आणि अंकांचे गठ्ठे एसटीच्या टपावर चढवायचं काम ज्याचा हात रिकामा असेल त्याचं. त्या छापखान्यातल्या दोन बातम्या आज सांगायच्या आहेत. दोन्ही एकाच उन्हाळ्यात छापल्या गेल्या आणि दोन्ही मीच आणल्या होत्या. पहिली दुधातल्या भेसळीची. गुरुवारी अंक निघाला आणि सोमवारी सरकारी जीप येऊन नमुने बाटल्यांत भरून घेऊन गेली. दुसरी विहिरीची. चाळीस फूट खाली खोदकाम चालू असताना दरड कोसळली आणि तीन मजूर गाडले गेले. दरडीला आधार दिलेला नव्हता, हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. पंचनाम्यात अपघाती मृत्यू एवढंच लिहिलं गेलं. जीप आली नाही.

अण्णांनी त्यानंतर अकरा वर्षं त्या आठवड्याच्या अंकात ती बातमी तिघांच्या नावांसह पुन्हा छापली. एकदा मी विचारलं, “अण्णा, दुधाच्या बातमीला चार दिवस लागले, हिला अकरा वर्षं झाली. असं का?” प्रुफावरची नजर न उचलता ते म्हणाले, “अरे, दूध सगळे पितात. विहिरीत सगळे उतरत नाहीत.”

हे वाक्य सोबत घेऊन मी गेली काही वर्षं १९०० च्या आसपासच्या अमेरिकेतल्या काही पत्रकारांचं लेखन वाचतो आहे. शोधपत्रकारितेचं मूळ घर म्हणून जगभर ज्यांचं नाव घेतलं जातं, ते हे लोक. त्यांच्या लेखणीने कायदे झाले, कंपन्या मोडल्या, सिनेटची निवडणूक बदलली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांचा वारसा नीट समजायचा तर अण्णांनी केलेला तो फरक तिथेही लावून बघावा लागतो, असं मला वाटतं.

आधी त्यांच्या नावाविषयी. १४ एप्रिल १९०६ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधी सभागृहाच्या नव्या कार्यालयीन इमारतीची कोनशिला बसवताना अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी एक भाषण केलं. जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये एक माणूस आहे. हातात दाताळं, मान खाली, काडीकचरा ओढत बसलेला. डोक्यावर कोणी दिव्य मुकुट धरून उभं आहे, पण याची नजर काही वर जात नाही. समाजातली घाण उकरणाऱ्या लेखकांना रूझवेल्टनी त्या माणसाची उपमा दिली. अशी माणसं लागतात, पण कुठे थांबायचं ते त्यांना कळलं पाहिजे, असा त्यांचा रोख होता. तेव्हापासून या मंडळींना ‘मकरेकर’, म्हणजे घाणीत दाताळं चालवणारे, म्हटलं जाऊ लागलं. बनियनचं हे पुस्तक आपल्याकडे फार लवकर आलं. हरि केशवजी यांनी १८४१ मध्येच ते ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणलं होतं.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, त्यामुळे ही उपमा मला कधी शिवीसारखी वाटली नाही. उकिरडा हे आमच्या घरचं भांडवल होतं. वैशाखात खत गाडीत भरून शेतात न्यायचं, ढीग पाडायचे आणि दाताळ्याने विस्कटायचं. ते काम खाली मान घालूनच होतं. वर बघत दाताळं चालवलं तर ते स्वतःच्या पायावर येतं.

आता १९०३ सालाकडे जाऊ. त्या वर्षीच्या जानेवारीचा ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकाचा अंक पत्रकारितेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. किंमत दहा सेंट. त्यात तीन लेख होते. लिंकन स्टेफन्सने मिनिआपोलिस शहराचा महापौर आणि पोलिस मिळून जुगारअड्ड्यांकडून कसे हप्ते घेत होते ते लिहिलं होतं. रे स्टॅनर्ड बेकरने कोळसा खाणीतल्या संपात काम चालू ठेवणाऱ्या मजुरांवर झालेल्या अत्याचारांची हकिगत दिली होती. तिसरा लेख म्हणजे आयडा टार्बेल यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या इतिहासाचा एक हप्ता. हे तीन विषय एका अंकात यावेत अशी योजना नव्हती. संपादक सॅम्युएल मॅक्ल्युअर यांच्या ते नंतर लक्षात आलं आणि त्यांनी टिपण लिहिलं. त्याचा आशय असा की भांडवलदार, कामगार, राज्यकर्ते, नागरिक, सगळेच कायदा मोडताहेत. मग तो पाळायला उरलं कोण?

स्टेफन्सवर मी थोडक्यात बोलणार आहे. त्याचे लेख १९०४ मध्ये ‘द शेम ऑफ द सिटीज’ या पुस्तकात एकत्र आले. सेंट लुइस, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, शिकागो, न्यूयॉर्क अशा शहरांची ती वर्णनं आहेत. लाच देणारा प्रतिष्ठित व्यापारी आणि ती चालवून घेणारा सुखवस्तू मतदार या दोघांना तो सोडत नाही. हे धाडस मोठंच होतं.

टार्बेलबाईंपाशी मात्र थांबायला हवं, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. जन्म १८५७ चा, पेनसिल्व्हेनियातला. दोन वर्षांनी जवळच टायटसव्हिल इथे ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं आणि सगळा मुलूख बदलला. वडील तेल साठवायच्या लाकडी टाक्या बनवत, पुढे स्वतः तेलाच्या धंद्यात उतरले. १८७२ मध्ये, बाई चौदा वर्षांच्या असताना, त्या भागात एक बातमी फुटली. क्लीव्हलँडच्या जॉन रॉकफेलरने आणि त्याच्या साथीदारांनी साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी या नावाखाली रेल्वे कंपन्यांशी गुप्त करार केला होता. या मंडळींच्या मालाच्या भाड्यात त्यांना सूट मिळणार होती. शिवाय त्यांच्या स्पर्धकांनी पाठवलेल्या पिंपांमागेही रेल्वेने ठरावीक रक्कम याच मंडळींना द्यायची होती. शेजाऱ्याने पोत्याला हमाली द्यावी आणि त्यातला वाटा तुमच्या खिशात यावा, असा हा हिशेब. गदारोळ झाला, करार रद्द झाला. पण तो डोक्यावर टांगता असतानाच्या काही आठवड्यांत क्लीव्हलँडमधल्या सव्वीसपैकी बावीस तेलशुद्धी कारखाने रॉकफेलरच्या ताब्यात गेले होते. वडील त्या दिवसांत घरी येत तेव्हा त्यांचा चेहरा कसा असे, हे बाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे.

तीस वर्षांनी मासिकाने हा विषय त्यांच्याकडे दिला तेव्हा वडिलांनीच विरोध केला. ते लोक मासिक बुडवतील, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी काम कसं केलं ते पाहा. त्यांनी घराचं दुःख बाजूला ठेवलं आणि कागद गोळा केले. काँग्रेसच्या चौकश्यांचे अहवाल, राज्य विधिमंडळांपुढच्या साक्षी, वेगवेगळ्या न्यायालयांतले खटले, हे सगळं कुठे कुठे विखुरलेलं होतं. साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीविषयीची एक जुनी पुस्तिका होती. तिच्या प्रती स्टँडर्डने विकत घेऊन नष्ट केल्या असं बोललं जाई. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना एक प्रत मिळाली. क्लीव्हलँडमध्ये जॉन सिडॉल नावाचा एक तरुण मदतनीस त्यांनी नेमला. आणि खुद्द स्टँडर्ड ऑइलचा एक बडा अधिकारी, हेन्री रॉजर्स, त्यांच्याशी सुमारे दोन वर्षं बोलत राहिला.

या भेटी संपल्या त्या एका पोऱ्यामुळे. स्टँडर्डच्या एका कार्यालयात दर महिन्याला काही कागद जाळायला दिले जात आणि ते काम या पोऱ्याकडे होतं. एकदा त्या कागदांवर त्याला ओळखीचं नाव दिसलं. रविवारच्या शाळेत त्याला शिकवणाऱ्या गुरुजींचं. ते गुरुजी स्वतंत्रपणे तेलशुद्धीचा धंदा करत. त्यांचा माल कुठून निघाला, कुठे चालला, किती पिंपं, हे सारं रेल्वेचे कारकून स्टँडर्डला कळवत होते. मग वाटेत कुठेतरी ती ऑर्डर फुटायची नाहीतर गाडी अडायची. मुलाने कागद जपून ठेवले आणि गुरुजींना दिले, गुरुजींकडून ते बाईंकडे आले. त्यांनी ते छापले. पुढच्या भेटीत रॉजर्सचा चेहरा रागाने पांढरा पडला होता. नंतर भेटी झाल्या नाहीत.

नोव्हेंबर १९०२ ते ऑक्टोबर १९०४ या काळात एकोणीस हप्ते आले आणि लगेच दोन खंडांचं पुस्तक निघालं. १५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइल मोडून चौतीस कंपन्या करण्याचा निकाल कायम केला. रॉकफेलरकडे त्या सगळ्यांचेच शेअर राहिले, त्यांचे भाव चढले आणि तो आणखी श्रीमंत झाला. तरी या कामाचं मोल माझ्या लेखी कमी होत नाही. रेल्वेच्या भाड्याचा तक्ता एखाद्या गावाला कसा उपाशी मारतो, हे सामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत त्यांनी मोठ्या तपशिलाने लिहिलं. बाईंच्या साऱ्याच मतांशी मी सहमत नाही. स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी विरोध केला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता अण्णांच्या दुधाकडे येतो.

१९०४ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचा संप झाला आणि तो फसला. कॅन्सस राज्यातल्या गिरार्ड गावातून ‘अपील टू रीझन’ हे समाजवादी साप्ताहिक निघत असे. त्याच्या संपादकाने सव्वीस वर्षांच्या अप्टन सिंक्लेअरला पाचशे डॉलर दिले आणि या कामगारांवर कादंबरी लिहायला सांगितलं. सिंक्लेअर तिथे सात आठवडे राहिला. जुने कपडे घालायचे आणि हातात जेवणाचा डबा धरायचा, मग कारखान्यात कुठेही फिरलं तरी कोणी हटकत नाही, हे त्याला लवकर कळलं. दिवसा तो बघायचा आणि रात्री कामगारांच्या घरी बसून ऐकायचा. एका संध्याकाळी लिथुआनियाहून आलेल्या कुटुंबाचं लग्न चालू होतं, तिथे तो शिरला आणि कोपऱ्यात बसून राहिला. कादंबरीचा पहिला प्रसंग तोच झाला.

‘द जंगल’ फेब्रुवारी १९०५ पासून साप्ताहिकात आली. पुस्तक म्हणून पाच प्रकाशकांनी नाकारली. शेवटी डबलडे, पेज या प्रकाशकांनी आपला माणूस शिकागोला पाठवून खातरजमा केली आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये ती छापली. युर्गिस रुडकुस हा तिचा नायक. धट्टाकट्टा, कामाला वाघ. त्याचा पाय कामावर मुरगळतो आणि मजुरी बंद होते. हप्त्याने घेतलेलं घर जातं. बायको बाळंतपणात जाते, मूल रस्त्यावरच्या पाण्यात बुडून मरतं. शेकडो पानं हे सारं चालतं. त्यात मोजकी पानं मांसाविषयी आहेत. रोगट जनावरं, सडलेलं मांस रसायनांनी धुऊन पुन्हा डब्यांत भरणं, उंदीर.

देशाने ती मोजकी पानं वाचली. अध्यक्षांनी चार्ल्स नील आणि जेम्स रेनॉल्ड्स या दोघांना शिकागोला पाठवलं. त्यांच्या अहवालात एक प्रसंग आहे. नुकतंच मारलेलं डुक्कर आकड्यावरून निसटून अर्धं कामगारांच्या शौचकूपात गेलं. दोघांनी ते उचललं आणि न धुता इतरांबरोबर गारठ्याच्या खोलीत टांगलं. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा अशा दोन्ही कायद्यांवर सही झाली. अन्नाच्या कायद्यामागे सरकारी रसायनज्ञ हार्वे वाइली यांची अनेक वर्षांची खटपट होती आणि पेटंट औषधांचा खोटेपणा उघडा पाडणारे सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांचे ‘कॉलियर्स’मधले लेख होते. पण दार उघडलं ते कादंबरीने. पुस्तक आल्यापासून चार महिने.

आणि युर्गिसचं काय? त्याच्या मजुरीविषयी, पायाविषयी, घराविषयी त्या कायद्यांत एक ओळ नव्हती. सिंक्लेअरने त्याच वर्षी लिहिलं की मी लोकांच्या काळजावर नेम धरला होता, तो चुकून पोटाला लागला. हे म्हणणं पुढे इतकं प्रसिद्ध झालं की त्यातला विषाद झिजून गेला. तो माणूस खरोखर दुःखी होता. तपासणीचा खर्च मांस कंपन्यांनी उचलावा असं मूळ मसुद्यात होतं, ते गेलं आणि वर्षाला तीस लाख डॉलर करदात्यांवर आले. डब्यावर तारीख घालायची अट गळली. सरकारी शिक्का मिळाल्यामुळे मोठ्या कंपन्यांचा परदेशी बाजार उलट सावरला. कामाच्या तासांची आणि किमान वेतनाची देशभरची हमी १९३८ मध्ये आली. कामाच्या जागी जीव सुरक्षित राहावा यासाठीचा देशव्यापी कायदा यायला १९७० उजाडलं. ताटातलं मांस चार महिन्यांत तपासलं जाऊ लागलं, ते कापणाऱ्या हातांना चौसष्ट वर्षं थांबावं लागलं.

वाचकाला दोष देऊन मी मोकळा होत नाही. स्वतःच्या लेकराच्या ताटाची काळजी वाटणं हे पाप नव्हे. पण सुधारणेची गती कशाने ठरते, ते इथे उघडं दिसतं. अन्याय किती मोठा आहे त्याने ती ठरत नाही; वाचणाऱ्याच्या अंगाला तो किती लागतो त्याने ठरते. आपल्या मुंबईत जे वेगळं घडलं ते या संदर्भात मला महत्त्वाचं वाटतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणलं. लोखंडे स्वतः गिरणीत काम केलेले. त्यांचा वाचक आणि त्यांच्या बातमीतला माणूस बऱ्याच अंशी एकच होता. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचं निवेदन तयार केलं. १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ज्याची पाठ मोडत होती त्याच्याच हातात वर्तमानपत्र होतं.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी आज मुख्यतः उभा आहे.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा मिसिसिपी राज्यातल्या हॉली स्प्रिंग्ज गावात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. जन्मली गुलाम म्हणून, १६ जुलै १८६२ रोजी. तिचंही नाव आयडा. आयडा वेल्स. सोळाव्या वर्षी पिवळ्या तापाच्या साथीत आईवडील गेले. मागे राहिलेल्या भावंडांना सांभाळण्यासाठी ती शिक्षिका झाली. पुढे रेल्वेच्या बायकांच्या डब्यातून तिला ओढून बाहेर काढलं गेलं. तिने कंपनीवर दावा लावला, पाचशे डॉलरची भरपाई जिंकली आणि १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तीच भरपाई गमावली.

वेल्सबाई १८८९ मध्ये मेंफिस शहरातल्या ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या भागीदार आणि संपादक झाल्या. हे पत्र गुलाबी कागदावर निघत असे. वाचता न येणाऱ्यालाही ते रंगावरून ओळखता यावं आणि विक्रेत्याने त्याच्या हातात दुसरंच पत्र कोंबू नये, यासाठी. कंपोजिटरच्या पायाशी वाढलेला मी, हा तपशील पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

मार्च १८९२ मध्ये मेंफिसमध्ये थॉमस मॉस आणि त्याचे दोन साथी, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट, यांना जमावाने तुरुंगातून काढून गोळ्या घातल्या. मॉस पोस्टमन होता, वेल्सबाईंचा जिवलग मित्र. त्यांच्या सहकारी किराणा दुकानामुळे शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं होतं. अशा झुंडबळींमागे बलात्काराचा गुन्हा असतो, असं तोवर सगळा देश मानत होता आणि वेल्सबाईंनीही ते काही अंशी खरं धरलं होतं. मॉसला त्या ओळखत होत्या. तिथे त्यांचा विश्वास तुटला. त्या एकेका घटनेच्या जागी जाऊन विचारू लागल्या. काळ्या लोकांनी हे शहर सोडून जावं, असं त्यांनी लिहिलं आणि शेकडो लोक खरोखर गेले. ट्राम इतक्या रिकाम्या धावू लागल्या की ट्राम कंपनीचे अधिकारी ‘फ्री स्पीच’च्या कार्यालयात विचारपूस करायला आले. २१ मेच्या अंकात वेल्सबाईंनी लिहिलं की बलात्काराची ही जुनी सबब आता खोटी ठरली आहे. आठवड्याच्या आत जमावाने छापखाना फोडला. त्या तेव्हा गावाबाहेर होत्या. परत आलात तर जिवाला मुकाल, असा निरोप त्यांना मिळाला.

टार्बेलबाईंचा पहिला हप्ता यायला अजून दहा वर्षं होती. तरी पद्धत तीच, कागदांची. ऑक्टोबर १८९२ मध्ये ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका आली आणि १८९५ मध्ये ‘अ रेड रेकॉर्ड’. दुसरीत त्यांनी आकडे दिले, पण स्वतःचे दिले नाहीत. ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या दैनिकाने गोळा केलेले घेतले, म्हणजे कोणी खोटं म्हणू नये. १८९२ या एका वर्षात २४१ माणसं, त्यांपैकी १६० काळी. वर्षानुवर्षांच्या या याद्यांत नाव, तारीख, गाव आणि कथित गुन्हा. बलात्काराचा नुसता आरोपही सुमारे एकतृतीयांश लोकांवरच होता. बाकीच्यांपुढे चोरी, वंशद्वेष, कारण दिलेलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेवरचं न दिलेलं भाषण छापलं तेव्हा इंदूरकडच्या बलाई समाजावर लादलेल्या जाचक अटींचा पुरावा म्हणून त्यांनी ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली बातमी तारखेसह पुढे केली. त्यांनी वेल्सबाईंचं पुस्तक वाचलं होतं असा माझा दावा नाही. ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्यांना विश्वास ठेवल्या जाणाऱ्यांचाच कागद समोर धरावा लागतो. दोघांनीही ते ओळखलं होतं.

‘मकरेकर’ म्हणून जी यादी पाठ्यपुस्तकांत असते तिच्यात वेल्सबाईंचं नाव अनेकदा नसतं. बेकरने १९०५ मध्ये ‘मॅक्ल्युअर्स’मध्ये झुंडबळींवर लिहिलं आणि १९०८ मध्ये वर्णभेदावर पुस्तक काढलं, हे त्याच्या श्रेयात मांडलं पाहिजे. पण ‘मॅक्ल्युअर्स’च्या बहुसंख्य वाचकांच्या गळ्यापर्यंत तो दोर कधी येणार नव्हता. उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे बाराने भागलं नाही. १९२२ मध्ये प्रतिनिधी सभागृहाने झुंडबळीविरोधी विधेयक मंजूर केलं, ते सिनेटमध्ये दक्षिणेतल्या सभासदांनी अडवून मारलं. पुढे-मागे दोनशेच्या आसपास प्रयत्न झाले.

बातमीतला माणूस आणि बातमी यांच्यातल्या अंतरावर विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘कमला’ लिहिलं. दिल्लीच्या एका वार्ताहराने बायकांची विक्री सिद्ध करण्यासाठी एक बाई विकत घेतली, या खऱ्या घटनेवरून ते सुचलं. नाटकात ती कमला पत्रकाराच्या बायकोला विचारते की तुला केवढ्याला घेतलं. मला ते नाटक पाहून अण्णांचा एक प्रश्न आठवला. विहिरीच्या बातमीनंतर महिनाभराने त्यांनी मला विचारलं होतं, “त्या तिघांच्या बायकांना परत भेटून आलास का?” मी गेलो नव्हतो. दुधाच्या बातमीच्या कौतुकात होतो. त्या दिवशी सायकल काढून गेलो. तिघींपैकी दोघी ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. तिसरी दारात बसली होती. तिने मला पाणी दिलं. बातमी छापून आली हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी खिशातला अंक काढून वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव आलं तिथे तिने मला थांबवलं आणि बोट ठेवून ते नाव कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. पुढे अण्णा ती बातमी दरवर्षी नावांसह का छापत राहिले, हे मला त्या दिवसामुळे कळलं.

वेल्सबाईंच्या याद्याही नावांच्या आहेत. १८९८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावी फ्रेझियर बेकर या काळ्या पोस्टमास्तरला जमावाने घर पेटवून मारलं. त्याचं तान्हं मूलही गेलं. वेल्सबाई शिकागोहून निघाल्या, शिष्टमंडळाबरोबर व्हाइट हाउसमध्ये गेल्या आणि अध्यक्ष मॅकिन्ले यांच्यासमोर हा विषय मांडला. हा माणूस तुमच्या सरकारचा नोकर होता. त्याच्या मारेकऱ्यांना शिक्षा करा आणि त्याच्या बायकोमुलांना भरपाई द्या, असं त्यांचं मागणं होतं. आणि झुंडबळींविरुद्ध देशाचा कायदा करा. त्या वॉशिंग्टनमध्ये पाच आठवडे खेटे घालत राहिल्या. पुढच्या वर्षी तेरा जणांवर खटला चालला. ज्युरीचं एकमत झालं नाही आणि तो पुन्हा उभा राहिला नाही.

वेल्सबाई २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत वारल्या. २०२० मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांना मरणोत्तर विशेष सन्मान दिला. २९ मार्च २०२२ रोजी, मॅकिन्लेंच्या भेटीनंतर एकशेचोवीस वर्षांनी, त्याच व्हाइट हाउसच्या बागेत झुंडबळींविरुद्धच्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. त्या दिवशी तिथे बोलणाऱ्यांमध्ये आयडा वेल्स यांची पणती मिशेल डस्टर होत्या.